उरलेले चारशे वॅट

आमच्या घरात काहीही उरत नाही. ही बढाई नाही, तक्रार आहे. आई कपडे शिवते. तिच्या कात्रीतून सुटलेल्या तुकड्याची पिशवी होते, पिशवीतून उरलेल्याचा रुमाल होतो, आणि रुमालातूनही बोटभर चिंधी उरलीच तर ती एखाद्या बटणावर चढवली जाते. ते बटण मग बाबांच्या शर्टाला लागतं. गल्लीतल्या निम्म्या बायकांच्या कपड्यांचं एकेक बटण आज बाबांच्या छातीवर आहे, आणि रस्त्यात भेटलेल्या बायका त्यांच्या तोंडाकडे न बघता शर्टाकडे बघून बोलतात.

बाबांचं बरोब्बर उलट. त्यांनी आयुष्यभर लिफ्ट दुरुस्त केल्या. लिफ्टमध्ये 'आठ माणसे' असं लिहिलेलं असतं, पण दोर ऐंशी माणसांचा असतो, हे त्यांनी आम्हा बहिणींना बाराखडीच्या आधी शिकवलं. त्यामुळे ते पँटला पट्टा लावतात आणि आतून नाडीही बांधतात. छत्र्या दोन नेतात. एकदा एकच चहा हवा होता म्हणून त्यांनी दोन मागवले आणि दुसरा कोणालाच पिऊ दिला नाही, कारण तो राखीव होता.

या दोघांचा संसार कसा टिकला हे मला विचारू नका. मी दातांच्या लॅबमध्ये कवळ्या करते. माझ्या कामात केसभर कमी झालं तरी माल परत येतो आणि केसभर जास्त झालं तरी परत येतो, त्यामुळे मला दोघांचाही सारखाच राग येतो.

आता ताईबद्दल. ताई समुद्राचा तळ मोजणाऱ्या जहाजावर नोकरी करते. तिथे फोन लागत नाही. बंदरात लागला असता, पण तिचा फोन समुद्रात पडला. असा हा तिसरा. म्हणून जहाज बंदराला लागलं की ती तिथल्या एका कॅफेत जाऊन कॉम्प्युटरवर बसते आणि आम्ही दोघी गेम खेळतो. गेममध्ये आम्ही दोन चोर आहोत, आणि एकाच राजाला वर्षानुवर्षं लुटत आलोय. चोरी हे निमित्त. खरं म्हणजे कानाला हेडफोन लावून आम्हाला एकमेकींशी बोलता येतं. एरवी ताई बोलायला मिळाली की आई, बाबा आणि मामा तिला आपसांत वाटून घेतात, आणि माझ्या वाट्याला येईपर्यंत ती 'हो, बरी आहे, हो, जेवते' असं म्हणून म्हणून दमलेली असते.

या वेळी जहाजाच्या ऑफिसातून तिची दोन ओळींची मेल आली. 'रविवारी दुपारी गेमवर ये. तुला एकटीला काहीतरी विचारायचंय. संध्याकाळी जहाज सुटतं, मग आठ महिने नाही.' ऑफिसची मेल सगळं जहाज वाचतं, तेव्हा काय विचारायचंय ते तिने लिहिलं नव्हतं.

मी गेम उघडला, तर तो उघडेना. नवीन आवृत्ती आली होती. तिच्यात बाकी काही बदललं नव्हतं, फक्त राजाच्या दाढीचा एकेक केस आता वेगवेगळा हलत होता, आणि तेवढ्यासाठी नवं ग्राफिक्स कार्ड लागत होतं. मी निमूटपणे कार्ड आणलं. कार्डाच्या खोक्यावर लिहिलं होतं की जुन्या पॉवर सप्लायवर हे चालणार नाही. पॉवर सप्लाय म्हणजे कॉम्प्युटरच्या पोटातला तो डबा, जो भिंतीतली वीज घेऊन आतल्या सगळ्यांना वाटून देतो. नवा किती वॅटचा घ्यायचा, एवढाच प्रश्न उरला होता. तो मी जेवताना मोठ्याने विचारला, ही माझी चूक.

"तुझ्या त्या कॉम्प्युटरला लागतात किती?" आईने विचारलं.

"पुरा जोर लावला तर साडेचारशे."

"मग साडेचारशेचा घे. अंथरूण पाहून पाय पसरावेत."

"वेडी आहेस का?" बाबा म्हणाले. "दुप्पट. दुप्पटच्या खाली मी या घरात तार जोडू देणार नाही."

"आणि वरचे साडेचारशे काय उशाला घेऊन झोपायचे?"

"ते राखीव."

"राखीव म्हणजे वाया."

"तू कपडा शिवताना शिलाईच्या आत माया सोडतेस ना? ती वाया का?"

"ती उद्या उसवून वापरता येते. वॅट उसवता येतात का, सांगा."

शनिवारी सकाळी आम्ही तिघं दुकानात गेलो. खरं तर मी एकटी निघाले होते, पण जिना उतरेपर्यंत आई टेप घेऊन आणि बाबा दोन छत्र्या घेऊन मागे होते.

दुकानदार शांत माणूस होता. मी त्याला कार्ड सांगितलं, प्रोसेसर सांगितला. तो म्हणाला, "साडेसहाशे घ्या. आरामात चालेल." इतकं सोपं होतं ते. मी हात पुढेही केला होता. पण बाबांनी साडेसहाशेवाल्या खोक्याकडे असं पाहिलं, जसं ते दोर झिजलेल्या लिफ्टकडे बघतात. आणि आईने खोक्याला टेप लावून पाहिला आणि विचारलं, "यातले दोनशे उरतील. उरलेले परत घेता का?"

"सील फोडल्यावर नाही," दुकानदार म्हणाला. हा प्रश्न त्याला रोजचा असावा अशा आवाजात तो म्हणाला, म्हणून मला जास्तच राग आला.

मी आईला समजावलं की बाई, उरत वगैरे काही नाही. कॉम्प्युटर लागेल तेवढीच वीज ओढतो, बाकीची भिंतीतच राहते, नळातल्या पाण्यासारखी. त्यावर आई म्हणाली, "मग पैसे आपण कशाचे दिले?" दुकानातलं दुसरं गिऱ्हाईक वळून म्हणालं, "बाईंचा मुद्दा बरोबर आहे." त्यानंतर ते गिऱ्हाईक बराच वेळ आमच्यातच उभं राहिलं.

तासभर दोघं भांडले. दुकानदाराने त्यांना स्टुलं दिली. मी भिंतीला टेकून ताईचा विचार करत होते. तिला काय विचारायचं असेल? लग्न करते आहे का? आजारी आहे का? की एवढंच, की माझा निळा स्वेटर कोण घालतंय? (मी घालतेय.) एवढ्यात भांडण एकदम थांबलं. मी बघते तर आई आणि बाबा एकमेकांकडे बघून हसत होते. लग्नाच्या फोटोतसुद्धा ते असे हसलेले नाहीत.

"ठरलं," बाबा म्हणाले. "साडेआठशेचा घ्यायचा. पन्नास मी सोडले, माझं दुप्पट झालं."

"आणि वरचे चारशे आपण वापरून टाकायचे," आई म्हणाली. "माझं वायाही गेलं नाही."

मी तोंड उघडलं. म्हणजे जास्तीचं घ्यायचं आणि घेतल्याबरोबर संपवायचं. मग राखीव काय राहिलं? सगळं मिळून साडेचारशेचाच घेतल्यासारखं झालं की. पण मी ते बोलले नाही. तीस वर्षांत या दोन माणसांचं प्रथमच एका गोष्टीवर एकमत झालं होतं, आणि ते मोडायची माझी छाती झाली नाही. दुकानदाराने बिल केलं आणि आमच्यामागे दुकानाचं शटर अर्धं खाली ओढलं.

सप्लाय एवढा मोठा होता की कॅबिनेटमध्ये मावेना. नाकापेक्षा मोती जड. शेवटी तो टेबलावर बाहेरच ठेवला आणि कॉम्प्युटर त्याच्या आडोशाला उभा केला. संध्याकाळी आईने मामाला बोलावलं. मामा घड्याळं दुरुस्त करतो आणि जगातल्या बाकी सगळ्या वस्तूंबद्दल सल्ले देतो. उंटावरचा शहाणा. त्याने सप्लायच्या मागची रिकामी भोकं पाहिली आणि त्याचा चेहरा उजळला. तासाभरात त्याने प्रत्येक भोकातून तार काढून दिली आणि कोणतीही गोष्ट त्या तारेवर चालेल अशी सोय करून दिली. कशी केली ते विचारू नका, मी विचारलं तर तो म्हणाला, "घड्याळाचंच तत्त्व आहे."

पहिली तार आईच्या शिलाई मशीनला गेली, कारण डोकं तिचं. म्हणजे मशीन माझ्या टेबलाशेजारीच आलं. दुसरी बाबांना. बाबांनी निवृत्त होताना एका मोडीत निघालेल्या लिफ्टचं पॅनेल घरी आणलं होतं, बटणं, दिवे आणि आतली ती घोषणा करणारी बाई यांच्यासकट. ते त्यांनी भिंतीला लावलं. तिसऱ्या तारेवर मामाचा दिवा, भिंग आणि सोल्डरचा डाग द्यायची तापती कांडी बसली, म्हणजे मामाच बसला. तरीही काही वॅट उरलेच. आईला चैन पडेना. ती जिन्यात जाऊन उभी राहिली, कोणाला हवेत का बघायला.

थोड्या वेळाने शेजारच्या काकू आल्या. आधी हवापाण्यावर बोलल्या, मग माझ्या तब्येतीवर. शेवटी मीच म्हणाले, "काकू, ताकाला येऊन भांडं कशाला लपवता? किती हवेत?" तेव्हा त्यांनी दाराआडून काचेची टाकी आत घेतली. तिच्यात सहा मासे होते. टाकीचा पंप आणि दिवा आमच्यावर चालला तर बरं, असं त्यांचं म्हणणं होतं. मासे माझ्या स्क्रीनच्या डाव्या बाजूला राहायला आले. मला वाटतं त्यांनाही ते पसंत नव्हतं.

"आता किती उरले?" आईने विचारलं.

मामाने मीटर लावला. "पंधरा."

आई माझ्याकडे वळली. "ते कानाला लावायचं काढ आणि मोठे स्पीकर लाव."

"आई, ताईला माझ्याशी एकटीशी बोलायचंय."

"मग बोल ना. आम्ही कुठे ऐकतोय, आम्ही आपापल्या कामात आहोत."

पंधरा वॅट स्पीकरांत गेले. आईने साडेआठशेच्या साडेआठशे भरले याची खात्री करून घेतली आणि समाधानाने हात झटकले. बाबाही खूश होते. ते आल्यागेल्याला सांगत होते की आमचा सप्लाय दुप्पट आहे.

रविवारी दुपारी मी बसले तेव्हा खोलीत पाऊल ठेवायला जागा नव्हती. आई कोणाचा तरी झगा शिवत होती. मामा भिंग डोळ्याला लावून होता. काकू माशांना भेटायला आल्या होत्या आणि खुर्ची मिळाल्यामुळे थांबल्या होत्या. बाबा पॅनेलची बटणं पुसत होते. मी गेम लावला. राजा पलंगावर झोपला होता आणि त्याची दाढी श्वासाबरोबर केसाकेसाने हलत होती. खरंच हलत होती. सगळे काम थांबवून बघू लागले.

"पैसे वसूल," मामा म्हणाला.

तेवढ्यात खजिन्याच्या दारात दुसरा चोर उभा राहिला आणि स्पीकरांतून ताईचा आवाज भरून आला. "आहेस का गं?"

"आहे."

"एकटीच आहेस ना?"

मी मागे पाहिलं. आईने पाय मशीनच्या पेडलवर ठेवून ते भरधाव सोडलं. मामाने मान खाली घातली. बाबांचं बोट चुकून बटणावर पडलं आणि भिंतीतली बाई म्हणाली, "दुसरा मजला."

"कोण बोललं?" ताईने विचारलं.

"कोणी नाही. बोल तू."

आम्ही दोन पेट्या फोडल्या. मग ती हळू म्हणाली, "मला जहाज नको झालंय. सगळीकडे पाणी, आणि पाण्याखाली काय आहे ते मी रोज सांगते, आणि ते कोणाला नको असतं. पुढच्या करारावर आज संध्याकाळी सही करायची आहे. नाही केली तर मी घरी यायला मोकळी."

"मग ये की."

"कुठे येऊ? मागच्या वेळी आले तेव्हा आठवतंय ना?"

आठवत होतं. ताई गेल्याच्या तिसऱ्या दिवशी आईने तिच्या खोलीत कटिंगचं टेबल टाकलं होतं, रिकामी खोली तिला बघवेना म्हणून. ताई सुटीवर आली ती त्या टेबलावरच झोपली. सकाळी उठली तेव्हा तिच्याभोवती खडूने रेघ मारलेली होती. आईला झग्याचं माप हवं होतं आणि तिला उठवायचं जिवावर आलं होतं. त्या वेळी आम्ही फार हसलो होतो. ताईही हसली होती.

"मी रुसून विचारत नाहीये," ताई म्हणाली. "आपल्या घरात काही उरत नाही, मला माहीत आहे. मी गेले, माझी जागा वापरली गेली, ठीकच आहे. मला फक्त खरं सांग. माझ्यापुरती जागा उरलीय का तिकडे?"

मी उत्तर द्यायला श्वास घेतला, आणि त्याच क्षणी राजाने कूस बदलली. त्याची अख्खी दाढी एका खांद्यावरून दुसऱ्या खांद्यावर आली, एकेक केस स्वतंत्र. कार्डाने होता नव्हता तेवढा जोर ओढला. टेबलावरच्या त्या डब्यातून खट्ट असा आवाज आला आणि सगळं गेलं. स्क्रीन, स्पीकर, मशीन, मामाचा दिवा, माशांचे बुडबुडे, सगळं.

मला कधी नव्हे ते रडू फुटलं. तिकडे तिला काय दिसलं असेल? तिने विचारलं, जागा आहे का, आणि मी निघून गेले. याहून स्पष्ट उत्तर कोण देतं?

"तिला वाटेल मी नाही म्हटलं," मी ओरडले. "लावा, पुन्हा लावा."

बाबांनी खटका दाबला. डबा पुन्हा खट्ट. "ओव्हरलोड," ते म्हणाले. "भार उतरवल्याशिवाय उठणार नाही. कोणीतरी उतरा."

कोणी हललं नाही.

"माझे मासे किती खाणार?" काकू म्हणाल्या. "बोटाएवढे तर आहेत."

"मी नुसता दिवा," मामा म्हणाला.

"पॅनेल तर काही काम करतच नाही," बाबा म्हणाले. "ते नुसतं बोलतं."

"नियम काय आहे तुमच्या लिफ्टचा?" मी विचारलं.

"शेवटी चढलेला आधी उतरतो." सगळ्यांनी स्पीकरांकडे पाहिलं. स्पीकर काढले तर ताई ऐकू येणार कशी, म्हणून ते उतरेनात. मग सगळ्यांनी माशांकडे पाहिलं. काकूंनी टाकीला हात टाकला. बाबा खिन्नपणे म्हणाले, "चाळीस वर्षं हेच बघत आलो. घंटी वाजते, सगळे एकमेकांच्या तोंडाकडे बघतात, आणि लिफ्ट जागेवर."

आई मशीनवर तशीच बसून होती. पाय पेडलवर, हातात अर्धी बाही. ती कोणाकडेच बघत नव्हती. मला वाटलं तिला ऐकूच आलं नसेल, मशीनचा आवाज होता. पण तिने विचारलं, "किती जागा हवी म्हणाली ती?"

"तिच्यापुरती."

आई उठली आणि आपल्या मशीनची तार उपटली. मग बाबांचं पॅनेल, मग मामाचा दिवा, मग मासे. काकू काही बोलायला गेल्या, आईने त्यांच्याकडे पाहिलं, काकूंनी टाकी उचलली. आई एवढी रागावलेली मी कधी पाहिली नव्हती, आणि ती कोणावर रागावली होती ते आम्हाला सगळ्यांना कळत होतं, म्हणून कोणी तिची समजूत घातली नाही.

"आता किती उरले?" तिने मामाला विचारलं.

"चारशे. स्पीकर सोडून."

"उरू देत."

"वाया जातील गं," मामा म्हणाला.

"जाऊ देत म्हटलं ना."

बाबांनी खटका दाबला. पंखा फिरला. कॉम्प्युटर इतका सावकाश उठला की मी त्याच्याकडे दातओठ खाऊन बघत होते. राजा आला, पलंग आला, खजिन्याचं दार आलं. दारात पहारेकरी होता, आणि पेटीच्या मागे दुसरा चोर गुडघ्यात मान घालून बसला होता.

"ताई."

"मला वाटलं, कळलं उत्तर," ती म्हणाली. "निघतच होते."

मी काही सांगायच्या आत आई पुढे झाली. बोलायचं कुठे ते तिला माहीत नव्हतं. ती त्या पॉवर सप्लायवर वाकली आणि त्याच्या जाळीत तोंड घालून म्हणाली, "चारशे शिल्लक आहेत. ऐकलंस का? कोणाला हात लावू दिलेला नाही."

"आई? तू तिथे काय करतेस? चारशे काय?"

आईने बाबांना दंडाला धरलं, मामाला मानेने खूण केली, आणि तिघं आतल्या खोलीत गेले. काकूही टाकी सांभाळत मागून गेल्या. मी आणि ताई आपापल्या पेटीमागे दबून बसलो. पहारेकरी येरझाऱ्या घालत होता.

आतून लाकूड फरशीवर घासल्याचा आवाज आला. टेबलाच्या एका पायाचं रबर गेलंय, कर्कश वाजतो तो. मग बाबा म्हणाले, "दारातून निघणार नाही, आडवं करा." मग मामाने काहीतरी सल्ला दिला. मग पुन्हा तो आवाज, अंगावर काटा आणणारा, खोलीच्या एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत.

"ते कटिंगचं टेबल आहे ना?" ताईने विचारलं.

"हो."

"कुठे नेतायत?"

"जिन्यात, बहुतेक."

ती हसली नाही. तिचा चोर पेटीमागून उठला आणि पहारेकऱ्याच्या समोरच येऊन माझ्याशेजारी बसला, आता पकडलं तरी हरकत नाही असा. "सही नाही करत," ती म्हणाली.

राजाने झोपेत पुन्हा कूस बदलली. दाढी केसाकेसाने इकडून तिकडे गेली आणि डब्यातून साधा खट्टही आला नाही. त्यानंतर त्या दुपारी आम्ही दोघींनी काहीच चोरलं नाही.